बाजारात न आलेल्या खेळाचा इतिहास कसा लिहायचा?

पौडला मी जिथे भाड्याने राहते, तिथल्या काकूंनी परवा पुन्हा विचारलं, "तुझं ते संशोधन नेमकं कशावर गं?" मी म्हटलं, "काकू, बाजारात कधीच न आलेल्या व्हिडिओ गेमवर." काकू भाजी निवडता निवडता थांबल्या. "म्हणजे जे झालंच नाही, त्याचा इतिहास?"

प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणून आजचा लेख त्यावरच. आधी एक छोटी दुरुस्ती: हे खेळ झाले नाहीत असं नाही. ते झाले होते, फक्त बाहेर आले नाहीत. कुणीतरी चित्रं काढली, कुणी कोड लिहिला, कुणी रात्रभर बसून चुका शोधल्या, आणि मग एक दिवस काम थांबलं.

असं उदाहरण शोधायला फार लांब जायला नको. सप्टेंबर २०२० मध्ये 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' या २००३ सालच्या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती जाहीर झाली. ती करत होते युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचे पुणे आणि मुंबई इथले स्टुडिओ. इतक्या मोठ्या नावाच्या खेळाची मुख्य जबाबदारी आपल्याकडच्या स्टुडिओंवर, ही तेव्हा बातमी होती. पहिली झलक आली, तिच्या चित्रांवर टीकाही झाली. जानेवारी २०२१ ची तारीख आधी मार्चवर गेली, मग बेमुदत पुढे ढकलली गेली, आणि मे २०२२ मध्ये काम कॅनडातल्या माँट्रियल स्टुडिओकडे सोपवल्याचं जाहीर झालं. पुण्या-मुंबईत घडलेली ती आवृत्ती खेळाडूंच्या हाती आलीच नाही.

आता सांगा, उद्या कुणाला महाराष्ट्रातल्या गेमनिर्मितीचा इतिहास लिहायचा असेल, तर त्यात हे प्रकरण घ्यायचं की नाही? घ्यायलाच हवं. पण साधनं काय? एक झलक, काही बातम्या, कंपनीची निवेदनं. खुद्द वस्तू नाही.

वस्तूच हाताशी नसताना इतिहास कसा शोधतात, हे मी शिकले एका खेळण्याच्या प्रकरणातून. लेगो ही डेन्मार्कची ठोकळेवाली कंपनी तुम्हाला माहीत असेल. २००१ साली तिने 'बायोनिकल' नावाची खेळणी आणली: जोडून तयार होणारे, मुखवटे घातलेले यंत्रवीर. त्यांच्यामागे एक सलग कथा होती. माता नुई नावाचं बेट, त्यावरचे सहा वीर म्हणजे 'तोआ', प्रत्येकाचं एकेक तत्त्व (अग्नी, पाणी, हवा, दगड, माती, बर्फ), आणि मकुटा हा खलनायक. यातला 'माता' म्हणजे आपली आई नव्हे बरं का. ही नावं न्यूझीलंडच्या माओरी आणि तिकडच्या पॉलिनेशियन भाषांवरून घेतलेली होती. त्यावरून पुढे वादही झाला, त्याकडे येतेच.

खेळण्यांबरोबर संगणकावरचा एक मोठा खेळही येणार होता: 'द लेजंड ऑफ माता नुई'. अमेरिकेतल्या युटा राज्यातली सॅफायर ही कंपनी तो बनवत होती. जाहिरातीची चित्रं आणि चलचित्रांचे तुकडे बाहेर आले होते. त्याच सॅफायरने गेम बॉय अ‍ॅडव्हान्ससाठी केलेला बायोनिकलचा छोटा खेळ २००१ मध्ये बाजारात आलाही. मोठा खेळ मात्र त्याच वर्षी, तोंडावर आलेला असताना, रद्द झाला.

ज्या मुलांनी त्या जाहिराती पाहिल्या होत्या ती मोठी झाली, पण विसरली नाहीत. त्यांच्यातल्या काहींनी वर्षानुवर्षं माग काढला आणि २०१८ मध्ये, म्हणजे तब्बल १७ वर्षांनी, खेळाच्या दोन प्रती उजेडात आल्या. एक आधीची, कच्ची (तिला अल्फा म्हणतात) आणि एक नंतरची, बरीचशी पूर्ण झालेली (बीटा). त्यांच्यात संग्रहालयाने नेमलेलं कुणी नव्हतं. सगळे हौशी.

शोधाच्या या कामाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण ती आपल्या इतिहाससंशोधनापेक्षा फार वेगळी नाही.

गेम बनवताना कोड आणि चित्रं एकत्र करून चालू शकेल असा संच तयार करतात. त्याला 'बिल्ड' म्हणतात. एका खेळाचे शेकडो बिल्ड होतात. तपासणीसाठी, वरिष्ठांना दाखवण्यासाठी, पत्रकारांना देण्यासाठी यातले काही सीडीवर लिहून बाहेर पाठवले जातात. म्हणजे मुख्य प्रत कंपनीच्या सर्व्हरवरून पुसली गेली, तरी एखादी तबकडी कुणाच्या तरी कपाटात उरलेली असू शकते. म्हणून शोध जाहिरातींतून आणि श्रेयनामावलीतून सुरू होतो, जुन्या कर्मचाऱ्यांपर्यंत जातो, आणि बरेचदा माळ्यावरच्या खोक्यात संपतो. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव वाड्यांमधून दप्तरं शोधत फिरले, ते आठवा. कागद वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला जाण्याआधी गाठायचे, हीच घाई तेव्हाही होती.

तबकडी मिळाली की पहिला प्रश्न: ही खरी आहे का, आणि कधीची? इथे माझ्यातली विज्ञानवाली जागी होते. विंडोजवर चालणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलमध्ये, सुरुवातीच्याच भागात, ती कधी तयार झाली याची वेळ सहसा नोंदलेली असते. नोंद कशी? १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद उलटले, असा एक आकडा. तो उलगडला की तारीख, तास, मिनिट, सेकंद सगळं मिळतं. पण लगेच विश्वास ठेवायचा नाही. त्या संगणकाचं घड्याळच चुकीचं असेल तर? म्हणून तीच तारीख तबकडीवरच्या इतर फाइलींशी, आतल्या चित्रांशी, जाहिरातीतल्या दृश्यांशी ताडून बघायची. जुन्या पत्रातली तिथी आणि वार जुळतात का, हे आपले संशोधक जंत्री काढून तपासतात ना, अगदी तसंच.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रतीचा ठसा. फाइलवर एक ठराविक गणिती प्रक्रिया केली की अक्षरं आणि आकड्यांची एक ओळ मिळते, तिला हॅश म्हणतात. फाइलमधलं एक अक्षर जरी बदललं तरी ती ओळ पार बदलते. त्यामुळे दोन देशांतल्या दोघांना आपल्याकडची प्रत तंतोतंत एकच आहे का, हे फाइल न पाठवताही कळतं.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड: यातली 'खरी' आवृत्ती कोणती? अल्फा, बीटा, की जी कधी पूर्णच झाली नाही ती? हा प्रश्न पुण्याला नवीन नाही. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली मुंबईत प्रदर्शित झाला. चार रिळांच्या त्या चित्रपटातली पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळं उरली आहेत, असं आपण म्हणतो. पण फाळक्यांनी १९१७ मध्ये तोच चित्रपट पुन्हा केला होता, आणि उरलेली रिळं त्या दुसऱ्या आवृत्तीची आहेत असं काही चित्रपट-इतिहासकारांचं मत आहे. शंभर वर्षांनी वाद घालायला निदान दोन रिळं तरी आहेत. ती आहेत, कारण १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर यांच्यासारखा माणूस तिथे रिळं गोळा करत राहिला.

बायोनिकलच्या चाहत्यांनी पुढे एक पाऊल टाकलं. सापडलेली बीटा प्रत आजच्या संगणकावर नीट चालेना, मध्येच बंद पडे. त्यांनी ती दुरुस्त करून 'रीबिल्ट' नावाची आवृत्ती तयार केली. इथे माझं मत स्पष्ट आहे: दुरुस्ती जरूर करा, पण मूळ प्रत जशीच्या तशी वेगळी ठेवा. किल्ल्याच्या तटाला नवं सिमेंट फासलं की आपण ट्रेकर मंडळी हळहळतो, कारण जुनं काम आता कायमचं झाकलं गेलेलं असतं. डिजिटल वस्तूचं भाग्य असं की मूळ आणि दुरुस्त अशा दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवता येतात. तेवढी शिस्त मात्र पाळावी लागते.

"एवढं करून मिळालं काय? एक जुना खेळच ना?" असं तुम्ही म्हणाल. आता तो नावांचा वाद सांगते. खेळण्यातल्या गावकऱ्यांना सुरुवातीला 'तोहुंगा' म्हटलं जाई. माओरी भाषेत हा शब्द जाणकार, पुरोहित अशा मानाच्या माणसासाठी आहे. २००१ मध्ये माओरी प्रतिनिधींनी आक्षेप घेतला, लेगोने काही नावं बदलायचं मान्य केलं आणि 'तोहुंगा'चे पुढे 'मातोरान' झाले. नंतरच्या साहित्यातून जुना शब्द गेला. पण गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवरचा तो छोटा खेळ युरोपात 'टेल्स ऑफ द तोहुंगा' याच नावाने विकला गेला होता. एका कंपनीने दुसऱ्यांचे शब्द न विचारता उचलले आणि मग ते मागे घेतले, याचा पुरावा आज अशा जुन्या वस्तूंवरच दिसतो. कंपन्यांनी आपला इतिहास आपणच सांगायचा म्हटलं तर तो शेवटच्या, सुधारलेल्या आवृत्तीचा असतो. कच्च्या प्रती आधीचं सांगतात.

आणि हे काम करायला कुणी बांधील नाही, ही खरी अडचण आहे. आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरलेल्या इतर ग्रंथालयांना पाठवावी लागते. व्हिडिओ गेम त्या कायद्यात बसत नाही. प्रसिद्ध झालेला बसत नाही, तर न झालेल्याचं काय बोलायचं! शिवाय कॉपीराइट आहेच. अमेरिकी कायद्यात, कंपनीसाठी केलेलं आणि अप्रकाशित राहिलेलं काम तयार झाल्यापासून १२० वर्षं संरक्षित राहतं. म्हणजे २००१ मध्ये बनलेल्या खेळासाठी २१२१ सालापर्यंत. त्या हिशेबाने तबकडी सांभाळणारा चाहता कायद्याच्या धूसर पट्ट्यात उभा असतो. पण १२० वर्षं थांबायचं ठरवलं तर तबकडीच थांबणार नाही.

माझं एम.एस्सी. रसायनशास्त्रात झालं, म्हणून हा भाग मला जास्त टोचतो. घरी किंवा ऑफिसात लिहिलेल्या सीडीत सेंद्रिय रंगद्रव्याचा एक थर असतो. लेझर त्यात खुणा करतो, तीच आपली माहिती. प्रकाश, उष्णता आणि दमट हवेने हे रंगद्रव्य बिघडतं, त्यावरचा धातूचा चकचकीत थरही खराब होतो. हा थर सीडीच्या नाव लिहितो त्या बाजूला, जेमतेम लाखेच्या पापुद्र्याखाली असतो. त्यामुळे चकचकीत बाजूपेक्षा नावाच्या बाजूचा ओरखडा जास्त घातक. आता ताम्हिणीकडून येणारा पाऊस आणि मुळशीतलं पावसाळ्याचं घर डोळ्यांसमोर आणा. चार महिने जिथे चपलांना बुरशी येते, तिथे माळ्यावरच्या सीडीचं काय होत असेल?

हे मुळशीबद्दल मुद्दाम म्हणतेय. हिंजवडी म्हणजे आयटी, एवढंच आपण म्हणतो, पण हिंजवडी, माण, मारुंजी ही सगळी मुळशी तालुक्यातली गावं. गेल्या पंचवीस वर्षांत तिथे आणि पुण्यात किती सॉफ्टवेअर बनलं, किती अर्धवट राहिलं, किती रद्द झालं असेल. धरणाखाली गेलेल्या गावांचा, १९२१ च्या मुळशी सत्याग्रहाचा इतिहास आपल्याला माहीत आहे, कारण विनायकराव भुस्कुट्यांसारख्यांनी तो लिहून ठेवला. या तालुक्यातल्या दुसऱ्या कामाची नोंद कोण ठेवतंय?

म्हणून तुम्हालाच विनंती. तुम्ही किंवा घरातलं कुणी या क्षेत्रात काम केलं असेल आणि जुन्या तबकड्या सापडल्या, तर भंगारात देऊ नका. कंपनीची मालमत्ता असेल तर नेटवर टाकू नका. आधी कंपनीला लेखी विचारा. पुसायला कापड घासू नका, नावाच्या बाजूला स्टिकर चिकटवू नका. सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या बंद डब्यात ठेवा. आणि तबकडी नसेल तरी हरकत नाही. कोणतं साल होतं, काय करत होता, ते का थांबलं, एवढं एका वहीत लिहून तारीख टाका.

काकूंना मी शेवटी इतकंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्या भाच्याकडे अशा पुष्कळ सीड्या आहेत, दिवाळीला टाकून द्यायच्या म्हणत होता." दिवाळीच्या आत मी त्याला गाठणार आहे. तबकडीची अचूक प्रत कशी काढायची, ते पुढच्या लेखात.