रुमाल, रोजकीर्द आणि हरवलेले पान

शीळफाट्यावर ज्याने संध्याकाळी सहाच्या सुमारास बसची वाट पाहिली असेल, त्याला कंटेनर म्हणजे काय हे सांगावयास नको. न्हावाशेवा बंदरातून निघालेल्या लांबलचक गाड्या पनवेल-तळोज्याकडून येतात, भिवंडीच्या गोदामांची वाट धरून मुंब्र्याकडे जातात, आणि आपण कल्याणकडचे लोक धूळ खात त्यांची चाके मोजीत उभे राहतो. गेल्या वर्षी अशाच एका संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी मला तेथे भेटला. डोंगरापलीकडे महाप्याला, संगणकांच्या एका मोठ्या कोठारात तो नोकरीला आहे. समोरच्या गाडीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "सर, आमच्याकडेही हेच असतात. फक्त डोळ्यांना दिसत नाहीत."

मी मराठी आणि इतिहास शिकवणारा मास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही. तेव्हा हा लेख पांडित्यासाठी नव्हे. आमच्या शाळेतले एक पान हरवले, आणि ते का हरवले हे शोधता शोधता मला एक इतिहास सापडला, तो सांगावयाचा आहे.

शाळेचे जनरल रजिस्टर म्हणजे काय चीज आहे, हे दाखल्यासाठी हेलपाटे घातलेल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. नाव, जन्मतारीख, जात, गाव! पणजोबांची एक ओळ पणतूच्या उपयोगी पडते. आमच्या जुन्या रजिस्टरांची पाने हात लावताच तुटू लागली, म्हणून मुलांनी त्यांचे फोटो काढले. त्या विद्यार्थ्याने शाळेतल्या तीन जुन्या संगणकांची जोडणी करून दिली आणि फोटो तिच्यात ठेवले. जुलैतल्या एका रात्री वीज गेली, आली, पुन्हा गेली. सकाळी पाहतो तो एक संगणक बंद, आणि तीन महिन्यांचे फोटो नाहीसे. बहुतेक पाने पुन्हा टिपता आली. एक मात्र फोटो काढतानाच चुरा झाले होते. त्याचे चित्र तेवढे उरले होते, तेही गेले. पुढे महिन्याभराने साठीचे एक गृहस्थ नेमकी त्याच पानावरची ओळ मागत आले. त्यांना चहा दिला. दुसरे देण्यासारखे काही नव्हते.

असे का झाले? उत्तर कंटेनरच्या स्वभावात आहे. 26 एप्रिल 1956 रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकमालकाने 58 पेट्या एका जहाजावर चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला धाडल्या. आत काय आहे याची हमालाला पर्वा नाही. पेटी मात्र ठराविक मापाची. संगणकवाल्यांनी हीच कल्पना उचलली. 2013 साली 'डॉकर' या नावाने प्रोग्रॅम आणि त्याचे सारे सामान एका पेटीत बांधण्याची सोय झाली. 2014 साली गूगलने 'कुबरनेटीस' लोकांपुढे खुले केले. या ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणूवाला. अनेक संगणकांचा तांडा मिळून चालतो, आणि एखादी पेटी बुडाली तर हा सुकाणूवाला दुसऱ्या संगणकावर तशीच नवी पेटी उभी करतो. तशीच, पण रिकामी! पेटीच्या पोटात ठेवलेले सारे पेटीबरोबर जाते. आमचे फोटो पोटातच होते. आणि रात्री काय घडले याची नोंदही त्याच पोटात होती. त्यामुळे चोरी झाली आणि पहारेकरीही नाहीसा झाला, अशी आमची गत.

म्हणजे गरजा दोन: पेटीबाहेरचे दप्तर, आणि पेटीबाहेरची रोजकीर्द. या दोन्ही आपल्या मुलखाला नव्या नाहीत. येथून जवळच अंबरनाथच्या देवळात शके 982 चा, म्हणजे इ.स. 1060 चा शिलालेख आहे. तो तेथेच कोरला, तेथेच राहिला. ठाण्याच्या किल्ल्यात 1787 साली खोदकाम करताना शिलाहार राजा अरिकेसरीचा शके 939 चा ताम्रपट मिळाला. त्याला राजा विसरला होता, राज्य विसरले होते, तांबे मात्र विसरले नव्हते. पेशवाईत रोजच्या जमाखर्चाची आणि हुकमांची रोजकीर्द लिहीत, आणि कागद कापडी रुमालात बांधून ठेवीत. गो. स. सरदेसायांनी त्या पेशवे दप्तरातून निवडलेले कागद 45 खंडांत छापले, ते हे रुमाल टिकले म्हणून.

आता नव्या जगाचे दप्तरखाने पाहा. सेज वाइल नावाच्या विद्यार्थ्याने कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ विद्यापीठात 2007 साली आपल्या प्रबंधातून 'सेफ' ही साठवणीची पद्धत मांडली. कोणती वस्तू कोठे आहे याची एकच मोठी यादी ठेवली, तर यादी गेली की सर्व गेले. म्हणून त्याने जागा गणिताने काढण्याची युक्ती योजली. मोठ्या तांड्यांना ती मानवते. आमच्यासारख्या तीन संगणकांच्या बिऱ्हाडाला 'लाँगहॉर्न' बरे पडते. 2017 साली पुढे आलेले हे साधन प्रत्येक गोष्टीच्या प्रती वेगवेगळ्या संगणकांवर ठेवते. एक संगणक बसला तरी दुसऱ्यावरची प्रत हजर. आणि हे सारे सातासमुद्रापलीकडचेच आहे असेही नव्हे. 'ग्लस्टर' या साठवण-साधनामागे आनंद बाबू पेरियासामी हे भारतीय होते, आणि ती कंपनी 2011 साली रेड हॅटने विकत घेतली.

रोजकीर्दीचा वंशही जुना आहे. 1980 नंतरच्या दशकात बर्कलेच्या एरिक ऑलमन यांनी टपालाच्या प्रोग्रॅमसाठी 'सिसलॉग' लिहिले. तेव्हापासून यंत्रे आपली हकीकत ओळीने लिहू लागली. 2011 साली सादायुकी फुरुहाशी या जपानी तरुणाने 'फ्लुएंटडी' रचले. ते प्रत्येक पेटीच्या दाराशी कारकुनासारखे उभे राहून नोंदी गोळा करते. 2018 च्या डिसेंबरात आलेल्या 'लोकी'ची तऱ्हा तर थेट पेशवे दप्तराची. ते आतल्या प्रत्येक शब्दाची सूची करीत बसत नाही. रुमालावरच्या चिठ्ठीची तेवढी सूची करते, आणि मग हवा तो रुमाल सोडून वाचते. म्हणून ते थोडक्या जागेत भागवते.

या सर्व साधनांना मुक्त स्रोत म्हणतात. म्हणजे त्यांची घडण कोणालाही उघडून पाहता येते, बदलता येते. लोकांना वाटते, यात लाभ तो पैशांचा. मला तसे वाटत नाही. शाय बॅनन नावाच्या गृहस्थाने स्वयंपाक शिकणाऱ्या पत्नीला पाककृती शोधता याव्यात म्हणून एक शोधयंत्र बनवायला घेतले, त्याचेच पुढे 2010 साली 'इलॅस्टिकसर्च' झाले, आणि जगभर नोंदी शोधण्यासाठी लोक ते वापरू लागले. 2021 साली कंपनीने त्याच्या वापराच्या अटी बदलल्या. पण आधीची घडण उघडी होती. अ‍ॅमेझॉनने तीच घेऊन 'ओपनसर्च' उभे केले. 2024 साली मूळ कंपनीनेही पुन्हा मुक्त परवान्याचा पर्याय दिला. मालकाचे मन बदलले तरी दप्तराची किल्ली हरवत नाही, हा खरा लाभ.

किल्ली हरवली म्हणजे काय होते, ते आपणच भोगले आहे. मोडी आपण शाळेतून काढून टाकली. कागद राहिले, वाचणारे गेले. 2023 साली जुन्या नोंदी तपासण्याची वेळ आली, तेव्हा राज्यभर मोडी वाचणाऱ्यांचा शोध घ्यावा लागला. कागद जपणे पुरेसे नसते. तो कसा वाचावयाचा हेही जपावे लागते.

आता आमच्या शाळेत तिन्ही संगणकांवर प्रती आहेत, आणि रोजकीर्द पेटीबाहेर लिहिली जाते. पण तिन्ही प्रती एकाच खोलीत म्हणजे एकाच आगीचे भक्ष्य. म्हणून चौथी प्रत डोंबिवलीस एका सहकाऱ्याच्या घरी असते. आणि विद्यार्थ्याने बजावून सांगितले आहे, "सर, प्रत ठेवली म्हणजे झाले नाही. महिन्यातून एकदा ती उघडून पाहा. उघडली नाही तर ती प्रत नव्हे, समजूत."

लक्ष्मीपूजनाला आपण वहीपूजन करतो. यंदा मीही एक कोरी वही पाटावर ठेवणार आहे. तिच्यात दर महिन्याला एकच ओळ लिहावयाची: आज प्रत उघडली, पाने मोजली, बरोबर आहेत. आणि पहिल्या पानावर, कोणी विचारो वा न विचारो, त्या हरवलेल्या पानाचा क्रमांक लिहून ठेवणार आहे. ते गृहस्थ परत आले तर निदान काय हरवले, एवढे तरी त्यांना दाखवता यावे.