लठ्ठपणा : बाह्यरुग्ण उपचार

आरोग्यास बाधक ठरेल इतकी चरबी शरीरात साठणे म्हणजे लठ्ठपणा. बहुतेकांना त्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागत नाही. बाह्यरुग्ण विभागातील नियमित भेटी पुरतात. पहिल्या भेटीत उंची, वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब व रक्तशर्करा मोजतात. चालू औषधे विचारतात, कारण स्टेरॉइडनेही वजन वाढते. भारतीयांत बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक) 25 पासून लठ्ठपणा धरतात. कंबरेची मर्यादा पुरुषांत 90, स्त्रियांत 80 सेंमी. केवळ वजनकाट्यावर विसंबणे चूक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघा डॉक्टरांचा बीएमआय एकच, 22.3, चरबी मात्र अनुक्रमे 21.2 व 9.1 टक्के भरली (‘लॅन्सेट’, 2004). सडपातळ दिसणाऱ्यांचीही कंबर मोजायची ती यासाठीच.

उपचाराचा पाया आहार, व्यायाम व झोप. वजन 5 ते 10 टक्के उतरले तरी रक्तदाब व साखर सुधारते. गरजेनुसार औषधे, क्वचित शस्त्रक्रिया. रुग्णाला आळशी ठरवणे हा उपचारातला मोठा दोष. दुखावलेला रुग्ण परत येत नाही. उपचार थांबल्यावर वजन बहुधा पुन्हा वाढते, म्हणून पाठपुरावा वर्षानुवर्षे ठेवावा लागतो.