कोल्हापूरचा कुस्तीशौकीन : प्रेक्षकाच्या इतिहासाची एक बाजू

कोल्हापूरच्या कुस्तीचा इतिहास आजवर मुख्यत: दोन अंगांनी लिहिला गेला, एक राजाश्रयाच्या व दुसरे मल्लांच्या पराक्रमाच्या. ज्याच्यामुळे मैदाने भरली, तो प्रेक्षक या लेखनात बहुधा 'अलोट गर्दी' एवढ्या दोन शब्दांत येतो आणि जातो. वस्तुत: ही गर्दी एकजिनसी नव्हती व निष्क्रिय तर मुळीच नव्हती. नुसता बघ्या आणि शौकीन यांत करवीरनगरीतील लोक स्वत:च भेद करीत आले आहेत. हा शौकीन राजाश्रयाची निर्मिती होता, की राजाश्रयाइतकाच तोही या परंपरेचा आधार होता, हा प्रश्न विचारात घेण्यासारखा आहे.

१९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त शाहू छत्रपती विलायतेस गेले. त्या प्रवासात रोम येथील प्राचीन वर्तुळाकार क्रीडागार त्यांच्या पाहण्यात आले. खासबाग मैदानाची कल्पना त्यातून निघाली, काम १९०७ मध्ये सुरू झाले आणि १९१२ मध्ये मैदान तयार झाले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे या रचनेच्या केंद्रस्थानी मल्लाइतकाच प्रेक्षकही आहे. मध्ये तांबड्या मातीचा हौदा, भोवती वर चढत जाणारा गोल उतार, आणि दृष्टीच्या आड एकही खांब नाही. मागच्या माणसालाही पकड दिसावी, असा हा बेत होता. दरबारी मंडळींची बसण्याची सोय वेगळी असे, हे खरे. परंतु डाव सर्वांना सारखाच दिसे.

मैदानाच्या उद्घाटनाची मुख्य कुस्ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिउद्दीन यांच्यात झाली व ती इमामबक्षने जिंकली. हे दोघेही कोल्हापूरचे नव्हते. पुढेही हाच प्रकार दिसतो. १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे हे एकसंब्याचे, १९६० चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर पुनवतचे, तर दिनानाथसिंह उत्तरेतून आलेले. कोल्हापूरने त्या सर्वांना आपले मानले. शौकिनाची निष्ठा जन्मगावाशी नसून तालमीशी असते, हा यातून निघणारा निष्कर्ष. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी ही नावे ज्या अभिमानाने घेतली जातात, तो अभिमान पेठेच्या अभिमानाहून फारसा निराळा नाही.

शौकिनाचा आनंद कशात असतो, हे बाहेरच्या माणसाला चटकन उमगत नाही. हलगी कडाडते, सलामी होते आणि मग पुष्कळ वेळ काहीच घडत नाही, असे नवख्याला वाटते. जाणता मात्र त्याच वेळी अधिक सावध असतो. खडाखडीत कोणाचा दम आधी ढळतो, पट काढण्याची हूल खरी की खोटी, खाली गेलेला मल्ल घिस्सा सोसून पुन्हा उभा राहील काय, याचे त्याच्या मनात गणित चालू असते. एकचाक किंवा ढाक लागण्यापूर्वी क्षणभर मैदानातून जो हुंकार उठतो, तो या ज्ञानाचाच पुरावा होय. विजयी मल्ल मैदानात फिरू लागला, की लोक खिशात हात घालतात. ही देणगी दयेची नसते. ती दाद असते. गुणांवर निकाल देण्याची पद्धत या प्रेक्षकाला दीर्घकाळ रुचली नाही, याचेही कारण हेच. त्याला कुस्ती निकालीच हवी, प्रतिस्पर्धी चीतपटच व्हावा.

तथापि डोळ्यांनी पाहणे एवढ्यापुरताच हा आनंद मर्यादित आहे काय? युरोपातील सायकल शर्यतींचे उदाहरण येथे उपयोगी पडते. १९०३ साली सुरू झालेली फ्रान्सची प्रदक्षिणा 'लोतो' या वृत्तपत्राने आपला खप वाढावा म्हणून योजिली. रस्त्याच्या कडेला तासन्‌तास तिष्ठणाऱ्या प्रेक्षकाला स्वार काही क्षणच दिसत. उरलेली शर्यत तो दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात वाची. १९४५ पासूनच्या मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाटात उभे राहणाऱ्यांचा अनुभवही याच जातीचा. खासबागेत सर्व काही दिसते, घाटात जवळजवळ काहीच दिसत नाही. तरी दोन्हीकडे माणसे येतातच.

खाशाबा जाधव यांचे प्रकरण या दृष्टीने फार बोलके आहे. राजाराम कॉलेजच्या या विद्यार्थ्याचा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तेथे त्यांना सहावे स्थान मिळाले. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि पुढील ऑलिंपिकच्या वेळी तो आधार उरला नाही. १९५२ च्या हेलसिंकी वारीसाठी मग लोकांकडून पैसा गोळा करावा लागला, आणि कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. राजाश्रयाकडून लोकाश्रयाकडे झालेले हे स्थित्यंतर एकाच मल्लाच्या चार वर्षांत इतके स्पष्ट दिसावे, हा योग अभ्यासकाला क्वचितच लाभतो.

हेलसिंकीत जाधवांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ज्यांनी वर्गणी दिली, त्यांपैकी कोणी त्या कुस्त्या पाहू शकले नव्हते. त्या मातीवर नव्हे, गादीवर झाल्या आणि निकालही त्यांना अपरिचित अशा नियमांनी लागला. तरीही कऱ्हाडला शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. परत आल्यावर जाधवांनी कुस्त्यांची मैदाने भरविली, त्यांत ते स्वत: लढले, आणि प्रेक्षकांच्या तिकिटांतून जमलेल्या पैशाने खर्डेकरांचे कर्ज फेडले.