पालावरची कुत्री

आपल्या आदिलाबादच्या मराठी घरांच्या आठवणी निघाल्या की वाडा, शेती, कापसाच्या गाड्या आणि निजामाच्या काळातली उर्दू हमखास येते. गावाबाहेर माळावर पालं टाकून राहणाऱ्यांबद्दल मात्र कुणी लिहीत नाही. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं.

कैकाडी, वैदू, घिसाडी, पारधी. सुगी संपली की यांची बिऱ्हाडं तळ्याकाठी उतरायची. सोबत गाढवं, कोंबड्या आणि कुत्री. पालाला ना दार, ना कुलूप. दार म्हणजे कुत्रंच! बाया गावात फिरायला गेल्या की निजलेल्या लेकराजवळ तेच बसून असायचं. आमची आजी त्यांना शिळी भाकर वाढायची. एकीनं त्यातली अर्धी कुत्र्यापुढे टाकली तशी आजी म्हणाली, "तुयंच पोट भरत नाही, कुत्र्याले काहून टाकतं व?" ती म्हणाली, "ते रातभर जागते म्हणून आमी निजतो, माय."

या लोकांवर संशय आजचा नाही. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि 1911 मध्ये तो त्यांच्या मुलुखभर लागू करायची सोय केली. जन्मानंच गुन्हेगार, पोलिसांकडे हजेरी. 1952 साली तो रद्द झाला, माणसं 'विमुक्त' झाली. गावाची नजर तीच राहिली. मग 1972 चा वन्यजीव कायदा आला. जंगल राखायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण पारध्याचं ससा धरायला शिकवलेलं कुत्रं त्यामुळे एका रात्रीत पुराव्याची वस्तू झालं, आणि त्याच्या पोटाचं उत्तर त्या कायद्यात नव्हतं.

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट. 1956 साली भाषावार प्रांत झाले तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबादेतून काढून तेव्हाच्या मुंबई राज्याला जोडले. राजुरा पुढे चांद्याकडे गेला. आपल्यातल्या कित्येकांचे सोयरे तेव्हा परराज्यात गेले, ते दुःख आपण सांगतोच. पण महाराष्ट्राची अनुसूचित जातींची यादी काढून बघा. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत आहेत, चंद्रपूर जिल्ह्यातही आहेत, फक्त "राजुरा तहसील वगळून". का? तर राजुरा निजामाकडचा! निजाम गेला, जिल्हा बदलला, राज्य बदललं, तरी ती रेघ कागदावर शिल्लक. आणि ज्यांच्यासाठी ती शिल्लक आहे ते गाढवं-कुत्री घेऊन तिच्यावरून कितीदा आले-गेले असतील!

किनवटासोबत माहूरही गेलं. दत्तजयंतीला आपण आजही जातो. काशीत स्नान, कोल्हापुरात भिक्षा, माहुरी निद्रा, असा हा घर नसलेला देव. पायाशी चार कुत्री, ते चार वेद म्हणायचे. देवघरातली ती तसबीर आपल्याला कधी खटकली नाही.

मागच्या हिवाळ्यात स्टेशनाच्या रस्त्यावर एक म्हातारा दिसला. बोचकं, दोन कुत्री, तिघांवर मिळून एक घोंगडी. रात्रीच्या निवाऱ्यात का जात नाही विचारलं, तर म्हणे, "याइले आत घेत नाहीत." गाव कोणतं, म्हटलं. "माहूर म्हना, नाहीतर आदिलाबाद. कागद कुठलाच नाही." मी चहा घेऊन दिला. त्यानं बशीत ओतून फुंकर मारली आणि बशी खाली ठेवली.