दृष्टांताच्या पुढची गोष्ट

नारदांच्या गादीवर पंचेचाळीस वर्षे सेवा घडली. आता आवाज साथ देत नाही आणि गुडघे उभे राहू देत नाहीत, म्हणून गादीवरून बोलायचे ते कागदावर उतरवतो. कीर्तन शिकणारी मुले घरी येतात. चाली विचारतात, प्रमाणे लिहून घेतात. इतिहास मात्र कोणी विचारीत नाही. कीर्तनकाराला तो कशाला हवा, असे एके काळी मलाही वाटे. ते कसे पालटले, तेवढे सांगतो.

एका गावी सप्ताहात माझी सेवा होती. ‘देवाचे दार सर्वांना मोकळे’ हा विषय होता आणि दृष्टांताला चोखोबारायांचे चरित्र घेतले होते. देव चोखोबांच्या घरी जेवायला येतो, वाढताना दही सांडते, ब्राह्मण ते पाहून चोखोबांना चपराक मारतो आणि राउळात गाल सुजतो तो पांडुरंगाचा. हा प्रसंग मी रंगवून सांगत असे. टाळकरी डोळे पुसत, गजर होई आणि मी तिथेच चरित्र आटोपते घेई.

त्या रात्री कीर्तन झाल्यावर मंडपाच्या कडेला बसलेले एक म्हातारे बाबा जवळ आले. मी पाया पडू नका म्हणालो तरी पडले आणि म्हणाले, “बुवा, देवाचा गाल सुजला, ते ऐकलं. पुढं काय झालं? माझा आजा जन्मभर वारीला गेला. चोखोबाच्या समाधीपाशी डोकं टेकवायचा अन् तिथूनच माघारी यायचा.”

मला उत्तर सुचले नाही. गादीवर तास दोन तास बोलणारा माणूस मी, पण मुका झालो.

घरी आल्यावर पोथ्या काढून बसलो. गालाचा प्रसंग महिपतीबुवांच्या भक्तविजयात आहे. हा ग्रंथ शके १६८४ चा, म्हणजे इसवी सन १७६२ चा. चोखोबा मंगळवेढ्यास गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून गेले ते, परंपरेप्रमाणे, शके १२६० मध्ये, म्हणजे १३३८ साली. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारापुढे समाधी दिली. मधे सव्वाचारशे वर्षांचे अंतर आहे. महिपतीबुवा श्रद्धेने लिहितात आणि त्यांचे ऋण आपण सर्वजण वाहतो. परंतु चोखोबा स्वतः काय म्हणतात, हे मी गाथा उघडून सलग कधी वाचलेच नव्हते. चरित्रावर भागत होते.

गाथेत नामाचा आनंद आहे, तशी विटाळाविषयीची रोखठोक विचारणाही आहे. सोयराबाईंचे अभंग आहेत. निर्मळा आणि बंका आहेत. आणि कर्ममेळा आहेत. बापाने विनवले, तर या मुलाने देवाला जाब विचारला. हा उपाशी, अपमानित स्वर माझ्या कीर्तनात एकदाही आला नव्हता.

पुढचा इतिहास तर जवळचाच होता. महाद्वाराशी समाधी झाली, तरी चोखोबांच्या लोकांना ते दार ओलांडता येत नव्हते. साने गुरुजींनी महाराष्ट्रभर फिरून लोकांना साद घातली आणि १९४७ साली १ मे रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण मांडले. ते १० मे रोजी सुटले आणि मंदिर हरिजनांना खुले झाले. १३३८ ते १९४७ म्हणजे सहाशे नऊ वर्षे झाली. बाबांचा आजा त्याच काळातला. देवाचा गाल सुजला खरा, पण माणसांनी दार उघडले नव्हते.

मग लहानपणी गुरुजींनी घोकून घेतलेले न्यायशास्त्र आठवले. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन असे अनुमानाचे पाच अवयव आहेत. उदाहरणात दाखवलेला नियम समोरच्या विषयाला लावून दाखवायचा, तो उपनय. माझी प्रतिज्ञा ‘दार मोकळे’ ही होती आणि उदाहरणही रसाळ होते. परंतु समोर बसलेल्या बाबांना ते लावून पाहिले तर टिकत नव्हते. उपनय गाळून मी थेट निगमनाच्या गजरावर उडी घेत होतो. शास्त्र पाठ असूनही ते गादीवर वापरले नव्हते.

त्यानंतर मांडणी बदलली. सेवेला चोखोबांचा किंवा कर्ममेळ्यांचाच अभंग घेऊ लागलो, म्हणजे संत आधी स्वतः बोलतील. भक्तविजयातली कथा सोडली नाही, पण ती महिपतीबुवांच्या नावाने आणि कथा म्हणूनच सांगू लागलो. गाल सुजल्यावर पूर्वी गजर होई. आता मृदंग थांबवून मी बाबांचा प्रश्न सांगे आणि मग १९४७ पर्यंत येई. गजर त्यानंतर होई. डोळ्यांतले पाणी तेव्हाही येई, मात्र त्यात थोडी लाज मिसळलेली असे.

एका ठिकाणच्या मंडळींना हे रुचले नाही. “बुवा, गोड होतं तेच बरं होतं,” म्हणाले आणि पुढच्या वर्षी नारळ आला नाही. वाईट वाटले. पण परत जुन्या ठिकाणी चरित्र थांबवणे जमले नाही.

मुलांनो, सनावळीने कीर्तन जड करू नका. व्याख्यानाला वेगळी जागा आहे, इथे शेवटी नामच घ्यायचे आहे. पण दृष्टांत घ्याल तेव्हा तो कोणी, कधी सांगितला आणि त्यापुढे काय घडले, हे स्वतःसाठी तरी शोधा. मंडपाच्या कडेला जो बसला आहे, त्याला तो लागू पडतो का, हे पाहून मग गजर करा.

त्या बाबांची पुन्हा भेट झाली नाही. त्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच.

राम कृष्ण हरि.