चुकीसकट बरोबर

आमच्या नृसिंहवाडीत पावसाळा म्हणजे सगळ्यांचे डोळे पाण्याकडे. कृष्णा आणि पंचगंगेला पूर येतो, पाणी देवळात शिरतं, मनोहर पादुका पाण्याखाली जातात. मग दत्तमहाराजांची उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. पूजा थांबत नाही. जागा बदलते, उपचार तेच राहतात. लहानपणी मला यात विशेष काही वाटलं नाही. पुढं संगणकावर ड्रॉइंग काढण्याच्या धंद्यात आयुष्य गेलं, तेव्हा कळलं, की 'जागा बदलली तरी सगळं तसंच झालं पाहिजे' हे बोलायला सोपं आणि करायला फार अवघड आहे. आज मी त्या अवघड कामाचा इतिहास सांगणार आहे. तो सुरू होतो अमेरिकेतल्या एका विद्यापीठात आणि येऊन पोचतो आपल्या शिरोळ तालुक्यात.

जयसिंगपूरला आमचं छोटं ड्रॉइंग ऑफिस होतं. इचलकरंजीचे यंत्रमाग, शिरोलीच्या फाउंड्र्या, आजूबाजूचे साखर कारखाने अशा सगळ्यांची कामं यायची. त्यात फ्लँज रोजचाच. फ्लँज म्हणजे दोन पाइप जोडायची लोखंडी चकती. तिच्या कडेनं बोल्टसाठी सारख्या अंतरावर भोकं असतात. दरवेळी हातानं भोकं आखण्यापेक्षा मी ऑटोकॅडमध्ये एक प्रोग्रॅम लिहिला. व्यास सांगा, भोकं किती ते सांगा, चित्र तयार. चार भोकांना ९० अंश, आठ भोकांना ४५, बारा भोकांना ३०. दोन वर्षं तक्रार नाही.

मग एक दिवस सोळा भोकांचा फ्लँज आला. कागद वर्कशॉपमध्ये गेला आणि तासाभरात ड्रिलिंगचे मिस्त्री तो घेऊन परत आले. "सायेब, ही शेवटची दोन भोकं लांब पडल्यात न्हवं?" मोजून बघितलं. प्रत्येक दोन भोकांत साडेबावीस अंश हवे होते, तिथं बावीसच पडले होते आणि उरलेलं सगळं अंतर शेवटच्या जागेत जमा होऊन तीस अंश झाले होते. नशीब, लोखंडाला ड्रिल लागलं नव्हतं.

चूक माझी होती. मी ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहिला होता, त्या ऑटोलिस्पमध्ये पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की उत्तरही पूर्णांकच येतं. अपूर्णांक गळून पडतो. ३६० ऐवजी '३६०.०' लिहिलं असतं, तर साडेबावीस आले असते. एका टिंबाची गोष्ट. पण त्या टिंबानं मला या भाषेच्या घराण्याचा शोध घ्यायला लावलं.

हे घराणं लिस्पचं. जॉन मॅकार्थी या गणितज्ञानं १९५८ साली एमआयटीत त्याची सुरुवात केली. १९६० मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी 'इव्हॅल' नावाचं एक सूत्र मांडलं होतं. लिस्पमध्ये लिहिलेल्या कुठल्याही वाक्याचा अर्थ कसा लावायचा, हे सांगणारं ते सूत्र. मॅकार्थींच्या लेखी ते कागदावरचं गणित होतं. त्यांच्या हाताखालचा स्टीव्ह रसेल म्हणाला, मी हे यंत्रावर चढवतो. मॅकार्थींनी त्याला समजावलं, की तू सिद्धांत आणि व्यवहार यांची गल्लत करतोयस. रसेलनं ऐकलं नाही. त्यानं ते सूत्र आयबीएम ७०४ या यंत्राच्या भाषेत उतरवलं आणि लिस्प चालायला लागली. म्हणजे या भाषेच्या जन्मातच दोन गोष्टी होत्या, कागदावरचं मूळ आणि यंत्रावरची प्रत. तेव्हापासून या दोन्हींचा मेळ घालण्याचं काम चालूच आहे.

त्या पहिल्या यंत्राच्या खुणा आजही आमच्या हाताखाली असतात. ऑटोलिस्पमध्ये एखाद्या बिंदूचं आडवं अंतर काढायचं, तर 'कार' असा शब्द लिहावा लागतो. कार म्हणजे गाडी नव्हे. आयबीएम ७०४ च्या एका शब्दातल्या 'पत्त्याच्या भागातला मजकूर' याचं ते लघुरूप आहे. ते यंत्र कधीच भंगारात गेलं, शब्द मात्र जयसिंगपुरात राहिला.

शब्दाबरोबर एक चूकही राहिली. लिस्पच्या सुरुवातीच्या दिवसांत जेम्स स्लॅगल या संशोधकानं तक्रार केली, की माझा प्रोग्रॅम चुकीचं उत्तर देतोय. शोध घेतल्यावर दोष भाषेत निघाला. घरगुती उदाहरण देतो. आमच्या घरी 'नाना' म्हणजे माझे वडील. मी शेजारच्या घरी जाऊन विचारलं, "नाना कुठं आहेत?" तर मला माझे नाना हवे असतात. पण त्या घरातही एक नाना असतील, तर ते पुढं येणार! प्रोग्रॅममधल्या नावाचा अर्थ ते नाव जिथं लिहिलं तिथून घ्यायचा, की प्रोग्रॅमचा तो तुकडा ज्यानं बोलावला त्याच्याकडून घ्यायचा, हा तो प्रश्न. गणिताला पहिला अर्थ हवा होता. यंत्र दुसरा देत होतं. मॅकार्थींनी १९७८ मध्ये लिस्पचा इतिहास सांगताना मोकळेपणानं कबूल केलं, की आपल्याला ती किरकोळ चूक वाटली होती आणि रसेल ती लवकरच दुरुस्त करील असा भरवसा होता. रसेलनं तोडगा काढला, पण मूळ सवय गेली नाही. लोकांनी तोवर त्या सवयीवर विसंबून प्रोग्रॅम लिहायला सुरुवात केली होती.

पुढं लिस्पच्या अनेक शाखा झाल्या. १९७५ मध्ये सस्मन आणि स्टील यांनी 'स्कीम' काढली आणि तिच्यात नावांचा अर्थ गणिताप्रमाणं बसवला. पण त्यांनी भाषेला नवं नाव दिलं, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बाकीच्या शाखा इतक्या फाकल्या, की एकीकडचा प्रोग्रॅम दुसरीकडं चालेना. म्हणून 'कॉमन लिस्प' ठरवण्यात आली. तिचं पुस्तक १९८४ मध्ये आलं आणि अमेरिकेचं अधिकृत मानक १९९४ मध्ये. एवढं झाल्यावरही ते मानक पाळलं जातंय की नाही, हे तपासायला पॉल डिट्झ यांनी २००० नंतरच्या वर्षांत चाचण्यांचा संच रचला. त्यात वीस हजारांवर चाचण्या आहेत. पुस्तक वाचून ज्याला आपली प्रत बरोबर वाटायची, त्याला या चाचण्यांनी जमिनीवर आणलं.

आमची ऑटोलिस्प आली वेगळ्या वाटेनं. डेव्हिड बेट्झ यांनी लहान संगणकांवर चालेल अशी 'एक्सलिस्प' लिहिली होती. तिच्या सुरुवातीच्या एका आवृत्तीवरून ऑटोलिस्प घडली आणि १९८६ मध्ये ऑटोकॅडमध्ये आली. सोळा भोकांचा हिशेब कॉमन लिस्पला किंवा स्कीमला विचारलात, तर उत्तर येतं पंचेचाळीस छेद दोन, अगदी अचूक. ऑटोलिस्प म्हणते बावीस, कारण तिचा भागाकार सी भाषेसारखा चालतो. आणि नावांच्या बाबतीत तिच्याकडं तीच जुनी सवय आहे, स्लॅगलनं तक्रार केलेली.

आता दुसरी प्रत. ऑटोकॅडशी मिळतंजुळतं सॉफ्टवेअर इतरांनीही केलं. इंटेलिकॅडची हकिगत ऐकण्यासारखी आहे. ते सॉफ्टडेस्क नावाच्या कंपनीत तयार होत होतं. ऑटोकॅडची मालक ऑटोडेस्क हीच सॉफ्टडेस्क विकत घ्यायला निघाली, तेव्हा १९९७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं अट घातली, की हा प्रतिस्पर्धी गिळायचा नाही, तो दुसऱ्याच्या हाती द्यायचा. पुढं ते व्हिजिओकडं गेलं, १९९८ मध्ये बाजारात आलं. मग ब्रिक्सकॅड, झेडडब्ल्यूकॅड, जीस्टारकॅड असे पर्याय आले. या सगळ्यांपुढं एकच पेच होता. गिऱ्हाईक चित्रांच्या फायली घेऊन येतोच, शिवाय वर्षानुवर्षं लिहिलेले लिस्प प्रोग्रॅमही घेऊन येतो. ते जसेच्या तसे चालले पाहिजेत. आणि ऑटोलिस्पला कॉमन लिस्पसारखं मानक नाही. मूळ म्हणजे कंपनीची पुस्तिका आणि प्रत्यक्ष चालणारा प्रोग्रॅम. पुस्तिका जिथं गप्प असते, तिथं प्रोग्रॅमला विचारायचं.

आमच्या ऑफिसनंही खर्च परवडेना म्हणून एक पर्यायी सॉफ्टवेअर घेतलं. नाव सांगण्यात अर्थ नाही. शंभरावर प्रोग्रॅम होते. त्यातले निम्मे एका सहकाऱ्यानं लिहिलेले, आणि तो तेव्हा हयात नव्हता. कुठला प्रोग्रॅम कशावर अवलंबून आहे, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. ते बंद पडले असते, तर त्याची पंधरा वर्षांची अक्कल आमच्या हातून गेली असती.

मी प्रत्येक प्रोग्रॅम दोन्हीकडं चालवायचा आणि दोन चित्रं एकावर एक ठेवून बघायचो. वाडीत वेदपठण ऐकत वाढलो, त्याची तेव्हा फार आठवण आली. जटापाठात पहिला शब्द-दुसरा शब्द, मग दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा असं म्हणत पुढं जातात. अर्थाला त्याची गरज नसते. एखादा स्वर निसटला, तर या उलटसुलट म्हणण्यात तो पकडला जातो. माझं कामही तसंच होतं.

बरेचसे प्रोग्रॅम चालले. काही अडले आणि त्यांनीच मला शिकवलं. एका प्रोग्रॅमनं वर्तुळाची माहिती मागवून यादीतली अमुक क्रमांकाची नोंद म्हणजे केंद्रबिंदू असं धरलं होतं. मूळ सॉफ्टवेअरमध्ये ती नोंद तिथं असायची; इथं एक घर पुढं गेली होती. यादीचा क्रम बदलू शकतो, नोंद तिच्या खुणेच्या आकड्यानं शोधा, असं ऑटोडेस्कच्याच कागदपत्रांत सांगितलंय. म्हणजे नियमानं नवं सॉफ्टवेअर निर्दोष. पण माझं ड्रॉइंग चुकलं होतं आणि गिऱ्हाईक दारात उभा होता.

सहकाऱ्याचे प्रोग्रॅम तर त्या जुन्या सवयीवरच उभे होते. तो मुख्य प्रोग्रॅममध्ये स्केल ठरवायचा आणि छोटे प्रोग्रॅम ते बोलावणाऱ्याकडून गुपचूप उचलायचे. नव्या सॉफ्टवेअरच्या कर्त्यांनी मॅकार्थींना हवा असलेला शुद्ध अर्थ बसवला असता, तर सगळं कोसळलं असतं. त्यांनी अशुद्ध अर्थ इमानानं उतरवला होता.

तेव्हा माझ्या मनात प्रश्न आला. बावीसचं उत्तर त्यांनी साडेबावीस करून टाकलं असतं, तर काय बिघडलं असतं? माझी चूक आपोआप सुधारली नसती का? सुधारली असती. पण आमचा दुसरा एक प्रोग्रॅम एक मीटर लांबीच्या पट्टीत तीनशे मिलिमीटरचे तुकडे किती बसतात ते काढायचा. उत्तर तीन, तेवढ्या वेळा आकृती काढायची. तिथं तीन पूर्णांक तेहतीस आले असते, तर प्रोग्रॅम चूक दाखवून थांबला असता, कारण सव्वातीन वेळा आकृती काढता येत नाही. एकाची चूक हाच दुसऱ्याचा आधार होता.

म्हणून या इतिहासातून मी एवढंच शिकलो, की चूक दुरुस्त करायची, पण ती कुठं करायची हे आधी बघायचं. प्रत करणाऱ्याला दिसत नाही, की मूळ वागणुकीवर कोण कोण टेकून उभं आहे. त्यानं गुपचूप सुधारणा केली, तर न बघितलेल्या माणसाचं घर पडतं. ज्याचा प्रोग्रॅम, त्यानं आपल्या ओळीत टिंब द्यावं. भाषाच सुधारायची असेल, तर स्कीमसारखं नवं नाव घ्यावं, किंवा जुनं वागणं शाबूत ठेवून नवं शेजारी मांडावं. ईमॅक्स या संपादकाच्या लिस्पनं २०१२ मध्ये तेच केलं. ज्या फाइलला नावांचा नवा अर्थ हवा, तिनं तसं वर लिहायचं. ऑटोकॅडनं २०२१ च्या आवृत्तीत लिस्पमधली अक्षरांची पद्धत बदलली, तेव्हा जुन्या पद्धतीकडं परतायची कळही ठेवली.

माझ्या फ्लँजच्या प्रोग्रॅममध्ये आता टिंब आहे. सहकाऱ्याच्या प्रोग्रॅमना मात्र मी हात लावलेला नाही. कुठला कुणाकडून काय उचलतो, याची एक वही केली आहे. ऑफिस आता भाचा बघतो. सॉफ्टवेअर पुन्हा बदलायची वेळ आली, की त्यानं आधी ती वही उघडायची आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)