कर्जाविना कार्य : लग्नखर्चाचा हिशेब

‘लग्न पाहावे करून, घर पाहावे बांधून’ ही म्हण बदलापूर पूर्वेकडील शिरगावात अनेक कुटुंबांच्या बाबतीत एकाच वेळी दोन्ही अंगांनी खरी ठरते. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीतील या भागात गेल्या काही दशकांत इमारती उभ्या राहिल्या आणि लोकलने मुंबई-ठाण्यास जाणारा नोकरदार वर्ग येथे स्थिरावला. घराचा हप्ता अद्याप फिटलेला नसतो आणि तोवर मुलीचे अथवा मुलाचे लग्न ठरते. अशा वेळी वैयक्तिक कर्जाची जाहिरात मोहात पाडते. पाच लाख रुपये १४ टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ११ हजार ६०० रुपये होतो आणि व्याजापोटी जवळपास दोन लाख रुपये जातात.

हाच हप्ता आधीपासून स्वतःच्या नावावर भरला, तर चित्र उलटे होते. टपाल खात्याच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत दरमहा दहा हजार रुपये ठेवल्यास, ६.७ टक्के व्याजदराने ६० हप्त्यांअखेर सुमारे सात लाख १३ हजार रुपये हाती येतात. मुलगी दहा वर्षांहून लहान असेल, तर २०१५ मध्ये सुरू झालेली सुकन्या समृद्धी योजना उपयोगी आहे. वर्षाला किमान २५० आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात, भरणा १५ वर्षे करावयाचा असतो. खाते उघडल्यापासून २१ वर्षांनी मुदत पूर्ण होते. मात्र, मुलीने वयाची १८ वर्षे पूर्ण केलेली असल्यास विवाहासाठी ते आधीही बंद करता येते. भविष्यनिर्वाह निधीतूनही विवाहासाठी रक्कम काढता येते. अर्थात, ती म्हातारपणाच्या शिदोरीतून जाते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

दागिन्यांसाठी सराफांकडील मासिक हप्त्यांच्या योजना लोकप्रिय आहेत. त्या बँकेतील ठेवी नव्हेत आणि ठेव विम्याचे संरक्षण त्यांना लाभत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये डोंबिवली-ठाणे परिसरातील ‘गुडविन ज्वेलर्स’ची दुकाने एकाएकी बंद झाली, तेव्हा अशा योजनांत पैसे गुंतवलेल्या ग्राहकांना पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागली. त्यापेक्षा हाती पैसा येईल तसे थोडे थोडे सोने प्रत्यक्ष विकत घेणे निर्धोक. हॉलमार्क पाहावा, पावती जपावी. दागिन्यांवर तीन टक्के वस्तू व सेवा कर व शिवाय घडणावळ द्यावी लागते. त्यामुळे मोडताना खरेदीइतकी रक्कम परत मिळेल, असे मानू नये.

खर्चाचे खरे गणित पानांच्या संख्येत दडलेले असते. पान साडेतीनशे रुपयांचे धरले, तर चारशे पाहुण्यांचे एक लाख ४० हजार होतात. शंभर निमंत्रणे कमी केली की ३५ हजार वाचतात, शिवाय कार्यालयही लहान चालते. नावे कमी करणे हे मात्र पैशांपेक्षा नात्यांचे काम असल्याने तेथे यजमानाचा कस लागतो. तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणाऱ्या हंगामातील गर्दीचे मुहूर्त टाळले, तर कार्यालय, मंडपवाला आणि आचारी यांच्याशी घासाघीस करण्यास वाव राहतो.

यासाठी जुन्या रीतीतच एक उत्तम साधन आहे. ते म्हणजे सोयरीक ठरताना केली जाणारी यादी. कोणता खर्च कोणी करावयाचा, हे दोन्ही घरांनी कागदावर उतरवले की आयत्या वेळचे मानपान आणि रुसवेफुगवे टळतात. मात्र, यादीच्या आडून हुंडा मागितला जात असेल, तर १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानुसार देणे, घेणे आणि मागणे हे तिन्ही गुन्हे आहेत. यादी झाल्यावर एकूण रकमेच्या दहा टक्के अनपेक्षित खर्चासाठी बाजूला ठेवाव्यात. बहुतेक घरांत अंदाज चुकतो तो हळदीच्या जेवणावळीत, कपड्यांत आणि आहेरात. ठाणे-रायगडातील आगरी समाजात विवाहविधी सांगणाऱ्या धवलारीणीची परंपरा आहे. तिच्या धवळ्यांना फारसा खर्च येत नसे. हळदीच्या रात्रीचा ध्वनिक्षेपकांचा दणदणाट आणि मेजवानी हा खर्च अलीकडचा.

साधेपणाला महाराष्ट्रात भक्कम पूर्वपीठिका आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी सप्टेंबर १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला भटजीविना, अल्प खर्चात पहिला सत्यशोधक विवाह पार पडला. आज नोंदणी विवाहाचा मार्ग खुला आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. वधू-वरांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवे. नोटिशीनंतर ३० दिवसांनी, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत, तीन साक्षीदारांसमक्ष विवाह होतो. मुदत उलटल्यास नोटीस नव्याने द्यावी लागते, म्हणून स्वागत समारंभाची तारीख या मुदतीत बसवूनच कार्यालयाची आगाऊ रक्कम भरावी.